जॅझ बँड घेऊन डान्स फ्लोअरवर जायचंय? मग आधी सोलो आवरा

मध्यंतरी ओळखीच्या एका पोराचा मेसेज आला, दादा आमच्याकडे सॅक्स आहे, कीबोर्ड आहे, ड्रमर आहे, बेस मी वाजवतो, जॅझ आणि हाऊस (क्लबमधलं इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिक) एकत्र करून लाइव्ह वाजवायचंय, लॅपटॉप कुठला घेऊ? म्हटलं लॅपटॉप सगळ्यात शेवटी घे, आधी तुझ्या ड्रमरला वीस मिनिटं एकच बीट न बदलता वाजवता येतो का बघ. त्याला वाटलं मी कटवतोय. कटवत नव्हतो रे बाबा, पण मेसेजमध्ये मावणारं प्रकरण नव्हतं ते, म्हणून इथे एकदाच सगळं लिहून टाकतो. मी पुण्यात अशाच एका बँडमध्ये कीबोर्ड वाजवतो, पाच-सहा वर्षं झाली, त्यातली पहिली दोन आम्ही जवळपास सगळंच उलटं केलं होतं.

उलटं म्हणजे काय, तर जॅझमध्ये आपल्याला सवय असते की आधी हेड, म्हणजे गाण्याची मूळ चाल वाजवायची, मग एकेकाने सोलो घ्यायचे, मग परत हेड आणि टाळ्या. आम्ही तेच घेतलं आणि खाली हाऊसचा बीट लावला, झालं फ्यूजन! पहिल्याच गिगला आमचा सॅक्सवाला असा सुटला होता की काय सांगू, सोळाव्या मात्रांच्या नुसत्या लडीच्या लडी, आणि समोर नाचायला आलेली मंडळी हातात ग्लास घेऊन उभी राहून ऐकत होती. सोलो संपल्यावर त्यांनी छान टाळ्या वाजवल्या. आम्ही खूश. ड्रमर मात्र घरी जाताना म्हणाला, "अरे, नाचणारा माणूस टाळ्या वाजवतो म्हंजे तो थांबलाय ना."

तेव्हापासून आमचा एकच नियम आहे आणि हा अख्खा लेख त्याचाच विस्तार आहे असं समजा: इथे इम्प्रोव्हायझेशन सुरांचं कमी आणि वेळेचं जास्त असतं. कुठला सूर घ्यायचा हे नाही, किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) कधी काढायची, बेस कधी परत आणायचा, कोण कधी आत येणार, हे त्या क्षणी ठरवायचं. आणि ते सगळ्यांनी मिळून.

हे समजायला फार लांब जायला नको. तबल्याचा सोलो ऐकलाय ना? मागे हार्मोनियम नाहीतर सारंगीवर लेहरा चालू असतो, तीच एक ओळ, आवर्तनामागून आवर्तन. लेहरा धरणाऱ्याने मध्येच हुशारी दाखवली तर तबलजी त्याच्याकडे कसा बघतो ते आठवा. आपल्या ह्या बँडमध्ये प्रत्येकाला आळीपाळीने लेहरा धरता आला पाहिजे, आणि जॅझ शिकलेल्या माणसाला नेमकं हेच जड जातं, कारण आठ बार (म्हणजे ३२ ठोके) तेच वाजवलं की त्याला वाटतं आपण कामचुकारपणा करतोय.

कोणाचं ऐकायचं म्हणाल तर टोरांटोचा न्यू डील, नव्वदच्या दशकाच्या शेवटी सुरू झालेला तिघांचाच बँड, ड्रम्स, बेस आणि कीबोर्ड, सीक्वेन्सर (ठरलेले सूर आपोआप वाजवणारं मशीन) वगैरे काही नाही, सगळं हाताने. दुसरा नर्व्ह, जोजो मेयर ह्या स्विस ड्रमरचा, जो न्यूयॉर्कमध्ये प्रोहिबिटेड बीट्झ नावाच्या पार्ट्यांतून उभा राहिला. मेयरची गंमत अशी की मशीनवर बनलेले जंगल आणि ड्रम अँड बेस ह्या वेगवान डान्स प्रकारांचे बीट तो खऱ्या ड्रम्सवर वाजवतो. आणि ते मशीनवरचे बीट तरी आले कुठून? १९६९ मध्ये द विन्स्टन्स बँडच्या ग्रेगरी कोलमनने एका गाण्यात चार बारांचा ड्रम ब्रेक वाजवला होता, पुढे इंग्लंडातल्या पोरांनी तोच तुकडा सॅम्पल करून, कापून, पळवून जंगल उभं केलं. म्हणजे माणसाने वाजवलेलं मशीनमध्ये गेलं आणि आता माणूस मशीनची नक्कल करून ते परत आणतोय. मँचेस्टरचे गोगो पेंग्विन पण ऐका, कल्पना कॉम्प्युटरवर शिजते आणि वाजतं पियानो, डबल बेस, ड्रम्सवर.

आणि एक आगाऊ सल्ला, लालबाग-परळच्या बेंजो पार्टीला नाकं मुरडू नका. लाइव्ह वाद्यं, इलेक्ट्रॉनिक पॅड, समोर नाचणारी गर्दी, गर्दी बघून जागेवर लय वाढवणं, हे सगळं ते आपल्या कितीतरी आधीपासून करतायत. आमचा ऑक्टोपॅडवाला तिथूनच आलाय आणि कुठल्या क्षणी लोकांना दम लागलाय हे त्याला आमच्या सगळ्यांच्या आधी कळतं.

आता कामाला लागू.

पहिलं टेम्पो, एका रात्रीला फार तर दोन. हाऊस साधारण १२० ते १२८ बीपीएममध्ये (म्हणजे मिनिटाला तेवढे ठोके) राहतं, आम्ही १२४ धरतो कारण त्यात सॅक्सवाल्याला श्वास घ्यायला जागा मिळते. ड्रम अँड बेस १७० ते १७५ ला असतं, आकडा ऐकून घाबरायचं नाही, ड्रमर १७४ ने वाजवतो आणि बाकीचे ८७ ने पाय आपटतात, म्हणजे खाली दुगुन पळतेय आणि वर हॉर्नवाला (आमच्याकडे सॅक्स) निवांत बॅलडसारखं वाजवतोय. हा प्रकार लोकांना भयंकर आवडतो आणि करायला दिसतो त्यापेक्षा सोपा आहे.

मग मोजणं. बार म्हणजे चार ठोके (दुसरा बार गिगनंतर). १२४ ला एक ठोका साधारण ४८४ मिलिसेकंदांचा, म्हणजे १६ बारांचे ६४ ठोके ३१ सेकंदांत होतात. ही ३१ सेकंदं बोटं न मोजता कळली पाहिजेत. नाचणाऱ्याला आकडे माहीत नसतात पण ८ झाले, १६ झाले, आता काहीतरी होणार हे त्याच्या पायांना माहीत असतं, आणि तुम्ही १३व्या बारला किक काढली की तो गडबडतो, का ते त्याला सांगता येणार नाही, पण पाणी प्यायला निघून जाईल.

ह्याच कारणाने १२ बारांचा ब्लूज इथे घोळ घालतो. आम्ही हौसेने एक घेतला होता. तुमचं आवर्तन १२चं, फ्लोअरचं १६चं, दोघं एकत्र समेवर येणार थेट ४८ बारांनी, म्हणजे १२४ला जवळजवळ दीड मिनिटाने! मुद्दाम करायचं असेल तर मजा आहे, पण नकळत झालं तर नुसता गोंधळ. त्यापेक्षा ज्याचे तुकडे आठाचे आहेत असं काहीतरी घ्या. माइल्स डेव्हिसचं १९५९ सालचं 'सो व्हॉट' ह्यासाठी जणू शिवूनच दिलंय: ३२ बार, पहिले १६ एकाच मोडवर (एकाच सुरावटीवर), मग ८ अर्धा सूर वर, मग ८ परत खाली. कॉर्ड कमी ठेवायच्या ह्याला अजून एक कारण आहे, टू-फाइव्ह-वन ही जॅझमधली नेहमीची कॉर्डची साखळी दर दोन बारांनी घरी पोचते, आणि डान्स म्युझिकमध्ये माणसाला घराच्या दारात ताटकळत ठेवायचं असतं. एक मायनर नाइन कॉर्ड धरून आठ मिनिटं काढता आली पाहिजेत.

ड्रमरवर सगळ्यात जास्त वेळ घाला, निम्मा बँड तोच आहे. हाऊसचा ढाचा साधा आहे, किक चारही ठोक्यांवर, क्लॅप किंवा स्नेअर (कडक आवाजाचा छोटा ड्रम) दोन आणि चारवर, हाय-हॅट (पायाने उघडझाप करायची झांजांची जोडी) दोन ठोक्यांच्या मध्ये उघडी. जॅझ ड्रमर म्हणतो हे काय, हे तर पोरं वाजवतात. त्याला आठवण करून द्या की स्विंगच्या जमान्यात पण किक चारही ठोक्यांवरच असायची, फक्त इतकी हलकी की ऐकू येण्याऐवजी जाणवायची. इथे तीच जोरात हवी आणि विसाव्या मिनिटाला पण तेवढीच. मग त्याने खेळायचं कुठे? डाव्या हातात. स्नेअरवरचे ते दबके घोस्ट नोट्स, बारीक जागा, तिथे त्याने रोज वेगळं वाजवावं. फिल मात्र विसरायचं. १६ बार संपताना टॉमवर (बाजूच्या ड्रम्सवर) गडगडाट करण्यापेक्षा शेवटच्या बारची किकच उडवा, काहीच वाजवू नका, आणि पुढच्या एकवर (पहिल्या ठोक्यावर) सगळं परत आणा. आमच्या ड्रमरला ही सवय लागायला आठ महिने गेले, हात आपोआप टॉमकडे जायचा, शेवटी आम्ही तालमीत टॉमच काढून ठेवले.

ड्रम्सचा आवाज पण आखूड आणि कोरडा हवा, किकमध्ये उशी, स्नेअरवर जुना पंचा किंवा पैशाचं पाकीट, लांब घुमणारी मोठी झांज घरी. पैसे असतील तर किकला ट्रिगर (ठोका पकडणारा सेन्सर) लावून एसपीडी-एसएक्ससारख्या पॅडमधून ९०९ ह्या ड्रम मशीनची किक खाली मिसळा, खऱ्या किकचा 'टक' आणि मशीनचा 'धम', दोन्ही मिळतं.

बेसवाल्याला एवढंच सांगायचं की तळाशी जागा एकच आहे. चार तारांच्या बेसची खालची ई साधारण ४१ हर्ट्झची, किकचा जोर ५०-६०च्या आसपास, दोघं एकाच ठोक्यावर पूर्ण जोरात आले की नुसता गुरगुराट. म्हणून बेस बऱ्याचदा किकच्या मध्ये, ऑफबीटवर बसवा, किंवा साउंडवाल्याला सांगून किकच्या सिग्नलने बेस आणि कीबोर्ड किंचित दाबून घ्या, त्याला साइडचेन म्हणतात, तो जो दर ठोक्याला सगळं गाणं श्वास घेतल्यासारखं वाटतं ना, तो हाच प्रकार. वॉकिंग बेस रात्रीत एकदाच. एकदाच हं!

कीबोर्डवर माझा सगळ्यात चांगला सोलो एका नॉबवरचा आहे. खरंच सांगतो. डाव्या हाताने दोन बारांची ओळ तीच तीच, आणि उजव्या हाताने फिल्टर (आवाजातली चमक झाकणारा-उघडणारा नॉब) १६ बार लावून उघडत न्यायचा, समोर कोण नाचतंय ते बघत, थोडा उघडायचा, परत थोडा मिटायचा, लोकांना वाटतं आलं, नाही आलं, आता आलं. रोलंडचं टीबी-३०३ हे मशीन १९८१ मध्ये आलं ते एकट्या गिटारवाल्याला साथीला बेस मिळावा म्हणून, खपलं नाही, १९८४ मध्ये बंद झालं, मग शिकागोच्या पोरांनी सेकंडहँड घेऊन त्याचे नॉब पिळले आणि ॲसिड हाऊस झालं. पण त्याच्या आधी १९८२ मध्येच आपल्या मुंबईत चरणजित सिंग ह्या हिंदी सिनेमाच्या स्टुडिओत वाजवणाऱ्या माणसाने तेच ३०३ आणि ८०८ हे ड्रम मशीन घेऊन दहा राग डिस्को बीटवर रेकॉर्ड केले होते, तेव्हा फारसं कुणी विचारलं नाही, २०१० मध्ये ती रेकॉर्ड परत निघाली आणि जगभर लोक चकित झाले. रागाची बढत आणि फिल्टरची बढत एकमेकांना किती जवळची आहे ते त्यात ऐका, मी तालमीच्या आधी कित्येकदा लावतो.

आता हॉर्नवाला, सगळ्यात नाजूक विषय. त्याला सोलो नाकारायचा नाही, जागा बदलायची. किक चालू असताना त्याने दोन बारांची छोटी ओळ धरायची, मध्ये गप्प बसायचं, आणि मोठा सोलो ब्रेकडाउनमध्ये, म्हणजे किक गेलीये, लोक दम खातायत, लाइट मंद आहेत, तिथे काय वाजवायचं ते वाजव राजा. अट एकच, ड्रॉपच्या (किक आणि बेस एकदम परत येतात त्या क्षणाच्या) आधी शेवटचे दोन बार रिकामे सोडायचे. सॅक्सवर डिले (सूर थोड्या वेळाने परत ऐकवणारा इफेक्ट) लावाल तर पाऊण ठोक्याचा ठेवा, १२४ ला ३६३ मिलिसेकंद, मग तीन सूर वाजवले तरी सहा ऐकू येतात आणि ते लयीत पडतात. माइक थेट गिटारच्या पेडलमध्ये खुपसू नका, लेव्हल जुळत नाही, मध्ये प्रीअँप लागतो, हे आम्ही तीन महिने "सॅक्स असा पातळ का येतोय" म्हणत डोकं खाजवल्यावर शिकलो.

खुणा ठरवा. जॅझमध्ये डोक्यावर हात ठेवला की हेडकडे परत, ती ठेवा. बाकी आमच्या अशा आहेत: मूठ वर म्हणजे पुढच्या एकवर सगळे बंद, तळहात खाली दाबला की फक्त किक बंद, एखाद्याकडे बोट दाखवून गळ्यावरून फिरवलं की तो एकटा बाहेर. खूण कमीत कमी चार बार आधी द्यायची, आणि कोणीही देऊ शकतो, लीडर असा नाही. सुरुवातीला दोघं एकाच वेळी वेगवेगळ्या खुणा करतात आणि धमाल गोंधळ होतो, तालमीत होऊ द्या तो. एक व्यायाम सांगतो, मोबाइलवर १६ मिनिटं लावा, एक कॉर्ड, एक टेम्पो, नवीन सूर कोणीच घ्यायचा नाही, फक्त आत यायचं आणि बाहेर जायचं. पहिल्या वेळी सहाव्या मिनिटाला सगळे वैतागतात. दहाव्या वेळी कोणालातरी बाहेर जावंसं वाटतं आणि त्याने खूण करायच्या आत बाकीचे त्याला जागा करून देतात, तिथे पोचलात की गिग घ्या.

लॅपटॉप आत्ता घ्या. आणि त्याला बँडच्या मागे पळवा, बँडला त्याच्या मागे नको. आमच्या लॅपटॉपमधून फक्त ड्रोन (तानपुऱ्यासारखा धरलेला सूर), थोडं पर्कशन आणि इफेक्ट येतात, टेम्पो ड्रमर पॅडवर टॅप करून देतो. एबलटन लाइव्ह ह्या सॉफ्टवेअरच्या ११व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२१ पासून, ऐकून टेम्पो पकडायची सोय पण आलीये, पण ती किकच्या माइकवर स्वच्छ सिग्नल मिळाला तरच नीट चालते. क्लिक (टेम्पोची टिकटिक) लावायचाच असेल तर फक्त ड्रमरच्या कानात. बफर (लॅपटॉप आवाज एका वेळी किती तुकड्याने हाताळतो ते) १२८ सॅम्पलवर ठेवा, ४८ किलोहर्ट्झला ते पावणेतीन मिलिसेकंद होतात, येता-जाता आणखी काही लागतात, चालून जातं.

आम्ही आधी ह्याच्या बरोब्बर उलट करायचो, किक आणि अर्धा बेस लॅपटॉपमधून. एका बारमध्ये काय झालं, काउंटरच्या पोराने पंखा बंद करायला बोर्डावर हात फिरवला आणि आमच्या एक्स्टेंशनचा खटका पडला. माझ्या लॅपटॉपची बॅटरी म्हातारी, मिनिटभरात स्क्रीन काळी, ड्रॉपला चार बार असताना. सगळे माझ्याकडे बघतायत. ड्रमर तेवढा शहाणा, त्याने पायाने किक सुरू केली, बेसवाल्याने ओळ धरली, आणि फ्लोअरवर कोणाला कळलंच नाही. मला मात्र कळलं की तो डबा लागतच नव्हता. तेव्हापासून खटक्यावर चिकटपट्टी लावतो, वायफाय आणि अपडेट बंद करतो, आणि चार्जर लावल्यावर स्पीकर गुणगुणायला लागला तर डीआय बॉक्सवर (वाद्य मिक्सरला जोडायच्या डब्यावर) ग्राउंड लिफ्ट, म्हणजे ती गुणगुण तोडणारं बटण आहे का ते बघतो.

साउंडवाला बँडमधला माणूस समजा, त्याला तालमीला बोलवा, चहा पाजा. नर्व्हमध्ये तर मिक्सरवर बसणारा माणूसच बँडचा सभासद होता, स्टेजवरच्या आवाजाची तिथल्या तिथे चिरफाड करायचा. आपल्याकडे साउंडवाल्याला संध्याकाळी पाचला भेटायचं आणि सातला त्याच्यावर ओरडायचं अशी पद्धत आहे. त्याला नुसतं ब्रेकडाउन कुठे येऊ शकतं एवढं जरी माहीत असलं तरी तो सॅक्सवर रिव्हर्ब (घुमारा) उघडतो.

सेट तासाचा असेल तर तीन नाहीतर चार तुकडे, मध्ये थांबणं नाही, "थँक यू पुणे" नाही, ड्रोनवरून एकातून दुसऱ्यात. उघड्यावर वाजवत असाल तर घड्याळ बघून उलटं मोजा, ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री १० ला लाउडस्पीकर बंद, सरकारने वर्षातले ठरावीक दिवस १२ पर्यंत सूट दिली असेल तेवढीच. म्हणजे तुमचा कळस साडेनऊला आला पाहिजे, पावणेदहाला चढायला सुरुवात केली की पोलीसदादा तुमच्या ड्रॉपला हजर.

रेकॉर्डिंग दोन करा, एक मिक्सरमधून आणि एक फ्लोअरच्या मधोमध कोणाच्यातरी खिशात फोन ठेवून. मिक्सरवालं ऐकून आपण सूर तपासतो, खिशातलं ऐकून लोक कुठे ओरडले ते कळतं, आणि दोघांचं कधीच जमत नाही. दोन-तीन दिवस जाऊ द्या, मग ऐका, ओरडा आला ती मिनिटं लिहून काढा. आमच्या सेटमध्ये ३७व्या मिनिटाच्या आसपास आठ बार किक गायब होते आणि नुसता सॅक्सचा डिले फिरत राहतो, तो भाग असाच खिशातल्या फोनवर सापडला. त्या रात्री ड्रमरच्या पेडलचा बीटर (किकवर आपटणारा दांडा) निसटून किकखाली गेला होता आणि तो पायाने चाचपडत शोधत होता. आता तिथे तो मुद्दाम पाय उचलतो, आणि बीटरचा स्क्रू मात्र प्रत्येक गिगच्या आधी दोनदा आवळतो.